खोली नऊ आणि लिप्पे संस्थान

शुक्रवार, ५ ऑक्टोबर २०१८, रुसैल

नवी वही. पहिल्या पानावर कंपनीच्या कॅम्पातल्या या खोलीत माझ्या हातानं झालेलं काम लिहून ठेवतो. मसाल्याचं कपाट एक, सागवानी व्हिनियरचं, म्हणजे वर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं, आत अकरा कप्पे, पितळी बिजागऱ्या, कुलूप. पाच पलंगांच्या डोक्याशी पाच फळ्या, ज्याचा त्याचा हात बसल्या जागेवरून पोचेल इतक्या उंचीवर. चपलांची मांडणी, पायाच्या मापानं लावलेली. पोळपाट दोन. खवणी, बसायच्या पाटासकट. घडीचं टेबल. खिडकीतून येणारी वाळू अडवायला जाळीची चौकट. आणि हातांची खुर्ची एक, तिच्यावर मी बसतो. कशातही बाहेरून खिळा दिसणार नाही. मी दहावी नापास. सुतारकाम मला कोणी शिकवलं नाही, इंग्रजीही नाही. आज इथं आखातात दरवाजांच्या कारखान्यात फोरमन आहे आणि डिक्शनरी घेऊन इंग्रजी पुस्तक वाचतो.

पुस्तक ऑगस्टमध्ये मिळालं. नवं मशीन बसवायला जर्मनीहून क्लाउससाहेब आले होते. जाताना त्यांनी आपल्या मुलखाच्या इतिहासाचं पुस्तक दिलं. पानं शहाण्णव, मी एकेचाळिसाव्यावर आहे. मुलखाचं नाव लिप्पे. बाराशे पंधरा चौरस किलोमीटरचं संस्थान, राजधानी डेटमोल्ड. आमचं श्रीवर्धन जंजिरा संस्थानात होतं, आजोबा नवाबाच्या राज्यात जन्मले, त्यामुळे संस्थान म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. जंजिऱ्याचा एक तुकडा जसा दूर काठेवाडात होता, तसे लिप्पेचेही दोन-तीन तुकडे दुसऱ्यांच्या हद्दीत पडलेले. मराठीत या संस्थानाचा इतिहास कोणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. मी लिहितोय.

सोमवार, ८ ऑक्टोबर

प्रकरण तिसरं लिहून पूर्ण. राणी पाउलीने. नवरा वारला, मुलगा लहान, म्हणून १८०२ पासून अठरा वर्षं तिनं कारभार पाहिला. कामाला जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर काढलं, वेठीची माणसं मोकळी केली. दरबारी मंडळी कुरकुर करत राहिली, पण बाई हलली नाही. वाचताना सारखं वाटत होतं, या बाईला मी समजलो असतो.

मीही या खोलीची मेस अकरा वर्षं चालवतोय. आम्ही पाच जण, सगळे श्रीवर्धन तालुक्याचे. मी. वेल्डर जाफर, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, साखरेचा आजार, बोलणं कमी. माझी बायको हवाबी, तिच्या बहिणीचा मुलगा नबील, मला खालू म्हणतो, फोर्कलिफ्ट चालवतो, बोलणं जास्त. ऑफिसात टायपिंग करणारा आदिल. आणि स्टोअरकीपर चंद्रशेखर, आमच्यात एकटाच हिंदू. त्याची भांडी वेगळी, म्हणून भांड्यांची त्याची फळी बाहेर पॅसेजमध्ये. लिप्पेच्या त्या तुटक तुकड्यांविषयी वाचल्यावर मी तिला त्यातल्याच एका तुकड्याच्या नावानं लिप्पेरोडे म्हणायला लागलो. त्याला आवडलं असावं. भांडी पुसत राहिला.

रात्रीच्या जेवणाला नवे नियम वाचून दाखवले. एक, पातेल्यांचे दांडे भिंतीकडे. दोन, नबील चहात तीन चमचे साखर घेतो, म्हणून साखर, गूळ आणि खजूर यापुढे कपाटात, कुलपात. तीन, किल्ली माझ्याकडे. सगळे म्हणाले, “इन्शाल्ला.” एकमतानं मंजूर.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

मत्रहच्या मासळीबाजारात जाऊन सुरमई आणली. मासा मीच निवडतो. नबीलनं एकदा आणला होता, त्या माशाचे डोळे मला अजून आठवतात.

कालवण शिजेपर्यंत चंद्रशेखरला प्रकरण चौथं वाचून दाखवलं, राजवाड्याचं. त्यानं मध्येच विचारलं, “हुसेनभाई, तिथली बाकीची माणसं काय करायची?”

“कोण बाकीची?”

“राजा सोडून.”

पुस्तकात बघितलं. अर्धं पान आहे. लिप्पेत शेती थोडी, पोटं जास्त. म्हणून हजारो पुरुष वसंतात घर सोडून परमुलखात विटा पाडायला जायचे. हॉलंडपर्यंत. एका मुकादमाच्या हाताखाली, एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं. पानगळीला घरी परत.

चंद्रशेखर कांदा चिरायचा थांबला. “म्हणजे हे आपलेच की. यांच्यावर अर्धंच पान?”

मी म्हटलं, “इतिहास हा राज्यकर्त्यांचा असतो.”

“ते मुकादमाला विचारून लिहिलंय का?” असं काहीतरी तो पुटपुटला. कांद्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

आजचं प्रकरण वाचून अंगावर काटा आला. १८९८. लिप्पेच्या गादीवर कोणी बसायचं याचा वाद चालू. काउंट अर्न्स्ट तेव्हा रीजंट, म्हणजे गादी सांभाळणारा. तिथल्या पलटणीचा जनरल त्याच्या घरच्यांना सलाम करू देईना. अर्न्स्टनं बर्लिनला बादशहाकडे तक्रार केली. बादशहाची उलट तार आली: रीजंटला रीजंटचं जे असेल ते मिळेल, जास्त काही नाही, आणि ज्या सुरात तुम्ही मला लिहिलंत तो सूर पुन्हा नको. केवढा अपमान!

योगायोग बघा. कामावरून आलो तर नबील माझ्या खुर्चीत पाय पसरून बसलेला. मी समोर उभा राहिलो. चार मिनिटं. (घड्याळ लावून.)

“बसा ना खालू,” म्हणाला, आणि पलंग दाखवला.

मी कॅम्प-बॉसला रीतसर तक्रार लिहिली, व्हॉट्सअ‍ॅपवर, मुद्दे एक ते सहा. दहा मिनिटांत उत्तर: “कुर्सी सबकी है. मेरे को ऐसे टोन में मेसेज नहीं करना.”

काउंट अर्न्स्टला काय वाटलं असेल हे जगात आज फक्त मला माहीत आहे. वाईट एवढंच, की गादीच्या खटल्याचा निकाल शेवटी त्याच्या घराण्याच्या बाजूनं लागला. माझा कुठे लागणार?

बुधवार, २४ ऑक्टोबर

कपाटाची डावी वरची बिजागरी उपटली. अडीच इंची, पितळी, मी स्वतः कानस मारून बसवलेली. दोन स्क्रू वाकले. व्हिनियरला साडेतीन इंचांची चीर. नबीलनं पेचकस घालून दरवाजा उचकटला. कुलूप शाबूत आहे, ते काम चांगलं झालं होतं.

झालं असं. जाफर पाय दुखतो म्हणून खोलीवरच होता. सकाळी गोळी घेतली आणि जेवला नाही. साडेतीनच्या सुमाराला त्याची साखर उतरली. नबील शिफ्ट संपवून आला तेव्हा तो कपाटापुढे जमिनीवर बसलेला, घामानं चिंब, जीभ जड. खोलीत गोड म्हणून जे होतं ते कपाटात. नबीलनं मला फोन केला, माझा फोन कारखान्याच्या लॉकरमध्ये, नियमाप्रमाणे. मग त्यानं दरवाजा फोडला, साखरेचं पाणी पाजलं. वीस मिनिटांनी जाफर बोलायला लागला. आता बरा आहे.

मी पोचलो तेव्हा किल्ली माझ्या खिशात होती. ती कुठे असणार दुसरीकडे? मी बिजागरी काढून ठेवली.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

बिजागरी नवी बसवली. प्रश्नही मिटवला: काचेची एक बरणी साखर भरून कपाटाबाहेर ठेवली, वर चिठ्ठी, “फक्त जाफरसाठी. इतरांनी हात लावू नये.” सगळ्यांना दाखवली. आदिल चिठ्ठीकडे बराच वेळ बघत राहिला. वळणदार अक्षर हल्ली कोणी काढत नाही.

हवाबीचा फोन. नबीलनं तिला अगोदरच सगळं सांगितलेलं.

“साखरंला कुलूप कशाला लावलाव?”

“शिस्त म्हणून.”

“माझ्या घरात एक तरी डबा कुलपात बघितलाव कधी? आन शिस्त नाय म्हनून कोन मेला हितं?”

मी तिला राणी पाउलीनेचं उदाहरण दिलं. ती म्हणाली, “त्या बाईनं पोरांना खायला घातलान, असं तुमीच सांगितलाव.”

मग लाइन खराब झाली. म्हणजे, मी ठेवली.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

एक गोष्ट कळली आहे, पण मला कळली आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही. आदिलच्या फोनवर एक ग्रुप दिसला: “खोली ९ कमिटी.” त्यात मी नाही. मी खोलीत शिरलो की चौघं गप्प होतात. काल नबीलचं वाक्य अर्धंच ऐकू आलं: “...अकरा वर्षं झाली, आता खालूला...” आणि चंद्रशेखर म्हणाला, “पण मान ठेवून करायचं सगळं.”

अकरा वर्षं. मान. सत्काराचा बेत आहे, यात शंका नाही. नबीलचा गेल्या महिन्यातला उद्धटपणा आता वेगळा दिसतो. पोराला भावना दाखवता येत नाहीत.

ही मंडळी मानपत्राला बाजारातली प्लॅस्टिकची फ्रेम आणतील, ते मला बघवणार नाही. म्हणून कारखान्यातल्या उरलेल्या बीचवुडची फ्रेम करायला घेतली. ए-फोर मापाची, कोपरे पंचेचाळीस अंशांत. सहज सापडेल अशी ठेवीन.

सोमवार, १२ नोव्हेंबर

आज बरोबर शंभर वर्षं. १२ नोव्हेंबर १९१८. महायुद्ध हरलेलं, बर्लिनचा बादशहा पळालेला, डेटमोल्डमध्ये लोकांची आणि शिपायांची कमिटी बसलेली. काउंट अर्न्स्टचा मुलगा लिओपोल्ड चौथा तेव्हा गादीवर. कमिटीनं सांगितलं, त्यानं सही केली. गोळी नाही, रक्त नाही. संस्थानाचं मुक्त राज्य झालं, आणि राजा त्याच गावात, त्याच राजवाड्यात राहत राहिला.

मला हे प्रकरण पटलेलं नाही. असा कसा सही करतो माणूस? बाजारात जाताना त्याला कोण काय म्हणत असेल? आणि एवढी माणसं कमिटीत बसेपर्यंत याला कानोकान खबर नाही? डोळे मिटून बसला होता का? असं मी टिपणात स्पष्ट लिहिलं आहे.

सत्काराच्या उत्तराचं भाषण तयार झालं. सहा मिनिटं चाळीस सेकंद. जाफरचा उल्लेख दोनदा केला आहे.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

क्रमानं लिहितो.

जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं. चंद्रशेखरनं हात धुऊन शर्ट बदलला. आदिलनं टेबल पुसलं. मला खुर्चीत बसवलं. मी भाषण खिशातून काढून मांडीवर ठेवलं. फ्रेम पलंगाखाली होती, एक कोपरा दिसेल अशी.

नबील उभा राहिला. “खालू, तुमी रागवू नका हां.”

“रागवायचं काय त्यात? बोल.”

“म्हनजे... आमी सगल्यांनी मिलून ठरवलंय...” आणि थांबला. मग चंद्रशेखरकडे बघून, “यल्ला, तू बोल.”

“मी बोलतो म्हणालास ना काल.”

“तू शिकलेला हायस.”

शेवटी आदिलनं टाइप केलेला कागद वाचला. स्वयंपाकाच्या पाळ्या. बाजाराच्या पाळ्या. कपाट उघडं. चंद्रशेखरची फळी खोलीत. मुख्य कोणी नाही, दर महिन्याला एक जण बघणार. कागदात शुद्धलेखनाच्या नऊ चुका.

मी म्हटलं, “आत्तापर्यंतचे नियम मी मांडले तेव्हा तुम्ही सगळे कबूल होता.”

चंद्रशेखर म्हणाला, “हुसेनभाई, अकरा वर्षांत आम्ही एकदा तरी ‘हो’ म्हणालो का? आम्ही इन्शाल्ला म्हणालो. तुमच्यासमोर नाही कसं म्हणायचं? तुम्ही मोठे.”

मी जाफरकडे बघितलं. तो माझ्याहून मोठा आहे, त्याला नाही म्हणता आलं असतं. तो पलंगावर मांडी घालून बसला होता.

“हुसेन,” तो म्हणाला, “त्या दिवशी मी तुझ्या कपाटापुढं बसलो होतो. हात लावून बघत होतो. काय सुंदर कपाट बनवलंयस रे. उघडता आलं नाही, एवढंच.”

बाहेर पाण्याचा टँकर मागे घेत होते, त्याचा तेवढा आवाज.

मी भाषणाचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. म्हटलं, “आदिलचा मसुदा चालणार नाही. लिहून घ्या.” तीन कलमं मी सांगितली. एक, मी, हुसेन, खोली क्रमांक नऊच्या मुख्यपदावरून आज स्वेच्छेनं बाजूला होत आहे. (‘स्वेच्छेनं’वर नबील काहीतरी बोलणार होता, चंद्रशेखरनं त्याचा पाय दाबला.) दोन, कपाटाचं कुलूप काढण्यात येईल, ते मीच काढीन, कारण दुसऱ्यानं काढलं तर व्हिनियर जाईल. तीन, मी याच खोलीत राहीन.

सही केली. साक्षीदार जाफर. नबीलला पलंगाखालची फ्रेम दिसली. “खालू, ही कशाला केलाव?” मी म्हटलं, याच्यासाठीच. कागद बरोबर मापात बसला. भिंतीवर लावला आहे. भाषणाची बाजू आत आहे.

हे सगळं चार दिवस आधी केलं असतं तर शंभर वर्षं नेमकी साधली असती. आदिलला तसं म्हणालो. तो म्हणाला, “चाचा, सोमवारीच ठरलं होतं. नबीलची हिंमत झाली नाही.”

संध्याकाळी २००७ पासूनच्या वह्या काढून बसलो. ‘इन्शाल्ला’ दोनशे सात वेळा. ‘हो’ एकदाही नाही. एकदा ‘बघू’ आहे, २०११ मध्ये. तो माणूस नंतर कतारला गेला.

शनिवार, १७ नोव्हेंबर

मुक्त राज्याचं पहिलं जेवण. रांधणार नबील. डाळ करपली, भात दोन जातींचा: खाली खीर, वर कच्चा. दोनदा ताट पुढे केलं. नबील माझ्या तोंडाकडे बघत होता.

“कसा झालाय, खालू?”

“इन्शाल्ला,” म्हटलं.

आधी जाफर हसला, मग सगळे. मी काही विनोद केला नव्हता.

बुधवार, २१ नोव्हेंबर

माझी पाळी. कायद्याप्रमाणे बाजार आदिलनं केला, म्हणजे मला हवा तो नारळ नाही, मिळाला तो. रावसाचं सार, तांदळाच्या भाकऱ्या. चंद्रशेखरची फळी आता खिडकीजवळ, मीच बसवली, लेव्हल लावून. नबीलनं तिच्यावर कोळशानं ‘लिप्पेरोडे’ लिहिलं. मी पुसलं आणि पेन्सिलनं नीट लिहिलं.

कपाट उघडं. सवयीनं हात खिशात जातो. किल्ली जाफरला दिली, तो तिनं पायाला मलम लावायच्या ट्यूबची शेपूट गुंडाळतो.

भाकऱ्या अकरा झाल्या, दहाच पुरल्या असत्या. अकरावी कोणी खायची यावर नबील आणि आदिल भांडले. मत घेतलं. जाफरला मिळाली.

सोमवार, २६ नोव्हेंबर

पुस्तक संपलं. मुक्त राज्य १९४७ च्या जानेवारीपर्यंत टिकलं, मधली बारा काळी वर्षं धरून. त्या वर्षांत मुक्त फक्त नाव होतं. मग लिप्पे शेजारच्या मोठ्या राज्यात गेलं, पण हातापाया पडून नाही, अटी घालून. त्या मोठ्या राज्याच्या चिन्हात लिप्पेचा गुलाब आजही आहे. लिओपोल्ड राजवाड्यातच म्हातारा झाला. लोक त्याला रोज बघत असणार. तो कुणाच्या पाळीत भात करपला तर काय म्हणायचा, हे पुस्तकात नाही.

माझ्या हस्तलिखिताची चार प्रकरणं बाजूला ठेवली. चंद्रशेखर रागावेल म्हणून नव्हे. नवं पहिलं प्रकरण आज सुरू केलं: वसंतात डेटमोल्डच्या आसपासच्या गावांतून माणसं निघतात. खांद्यावर काय घेतात, मागे कोण उभं राहतं, पहिल्या आठवड्यात कोण रांधतं. पुस्तकात अर्धंच पान असल्यामुळे क्लाउससाहेबांना पत्र लिहून अठरा प्रश्न विचारले आहेत. प्रश्न सातवा: साखर कोणाच्या ताब्यात असायची?

हवाबीला वाचून दाखवलं. ती सगळं ऐकून घेते हे मला ठाऊक नव्हतं. म्हणाली, “त्या बायांचं पन लिवा, मागं ऱ्हायलेल्या. वरसात सात म्हयने. माझं तर अकरा धरा.” मी लाइन ठेवली नाही.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

सकाळी खोली चौदातून दोघं आले, गुहागरकडचे. डब्यात हलवा. त्यांचा मुख्य कायमचा गावी गेला. तेव्हापासून खोलीत सहा जण आणि सहा मतं, पातेली तीन दिवस घासलेली नाहीत. त्यांनी माझी कीर्ती ऐकलेली. “उस्ताद, तुम्हीच या. आम्हाला शिस्त पाहिजे. तुम्ही म्हणाल ते.”

मी त्यांची खोली बघून आलो. खरं लिहायचं तर दोनदा. भिंती सरळ आहेत. कपाटाला जागा उत्तम, साडेसहा फूट सलग. एका माणसानं माझ्यासाठी खुर्ची पुसली. मी बसलो नाही, पण किती वेळ उभा होतो हे आज घड्याळात बघितलं नाही.

परत आलो तर आमच्याकडे कोणी काही विचारेना. नबील तांदूळ निवडत होता, तेच ते मूठभर तांदूळ पुन्हा पुन्हा. शेवटी जाफर म्हणाला, “बुधवारी रावस मिळेल का रे?”

मी म्हटलं, “ते आदिलला विचारा. बाजार त्याचा. रांधायचं माझं.”

नबीलनं तांदूळ चुलीवर ठेवला. पाणी जास्त झालं होतं. मी सांगितलं नाही. एक वाटी काढून घेतलं, त्याची पाठ होती तेव्हा.

दुपारी चौदा नंबरला जाऊन नाही म्हणून आलो, हलव्याचा डबा धुऊन परत केला. काय नाकारलं ते तपशीलवार नोंदवून ठेवतो: मी इथं आहे तोवर खोली चौदाचं मुख्यपद, स्वयंपाकाच्या पाळीतून सूट, खिडकीकडचा खालचा पलंग, सगळ्या कुलपांच्या किल्ल्या, आणि वर दर महिना पंचवीस रियाल.